बेचाळिसाव्या मिनिटाचा आवाज

१

पडद्यावर कुंडलिकनं तोंड उघडलं, ओठ हलले, हात वर गेला आणि आवाज काही आला नाही.

रविवारची सकाळ, साडेदहाचा सुमार. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये आम्ही चौघं बसलो होतो. दुपारी तीनला दाखवायच्या सिनेमाची शेवटची चाचणी चालली होती. सिनेमाचं नाव 'मंद्रूपची सून', साल त्र्याऐंशी, चित्रण मंद्रूपच्याच रानात. बेचाळिसाव्या मिनिटाला एक दवंडीवाला येतो, नऊ सेकंद बोलतो आणि जातो. त्या नऊ सेकंदांत नुसती बारीक खरखर ऐकू येत होती.

"वायर निघाली असेल," मी म्हणाले.

वायरी जागच्या जागी होत्या. पुढच्याच प्रसंगात सिनेमातली सासू अशी कडाडली की हॉलच्या काचा थरथरल्या. म्हणजे आवाज तेवढाच गेला होता, आणि नेमका तेवढाच जायला नको होता.

आधी आमच्याबद्दल सांगते. मी प्रभा. एकतीस वर्षं सोलापुरात शाळेत मराठी शिकवलं. निवृत्त झाले तरी लाल पेन अजून पर्समध्ये असतं, कारण गावात पाट्या आहेत तोवर मला काम आहे. देवदत्त आणि शिवयोगी माझे जुने विद्यार्थी. देवदत्त आता विमा कंपनीत कारकून आहे. शिवयोगी अक्कलकोटकडचा, घरी कन्नड, मराठी शाळेत शिकलेला. मागच्या बाकावरून मांजर ओरडलं की मी वळूनही न बघता त्याला उभं करायची. आता तो ऑर्केस्ट्रात नकला करतो, गड्ड्याच्या जत्रेत त्याचे कार्यक्रम असतात. चौथी अपेक्षा, मूळची नातेपुत्याची, इथं सरकारी कचेरीत नोकरीला.

आमच्या मंडळाचं नाव धूळझटक मंडळ. ज्यांना कुणी वाली नाही अशा जुन्या सिनेमांच्या डीव्हीडी गोळा करायच्या आणि त्यातले डाग, ओरखडे, थरथर घालवून त्या बघण्याजोग्या करायच्या, हा आमचा सुट्टीच्या दिवसांचा उद्योग. हे काम संगणक करतो, पण त्याला आधी काय काय करायचं याची यादी लिहून द्यावी लागते. तिला स्क्रिप्ट म्हणतात. देवदत्त चित्राची स्क्रिप्ट लिहितो, शिवयोगी आवाज सांभाळतो, अपेक्षा संवाद खाली लिहिते आणि सगळं एकत्र जोडते. मी शुद्धलेखन तपासते आणि सगळ्यांवर डाफरते. मंडळाचा नियम एकच, तोही मीच घातलेला: डिस्कवर आहे तेवढंच उजळायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही.

या खेपेला मात्र कामात जीव अडकला होता. तो दवंडीवाला, कुंडलिक, हा खरा नट नव्हता. मंद्रूपचा साधा शेतकरी, चित्रणाच्या दिवशी धरून उभा केलेला. तो जाऊन तीस वर्षं झाली. त्याची बायको बजाबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेत. नवऱ्याचा फोटो तिला दिसायचा नाही. जगात त्याचं तिच्या उपयोगाचं जे काही उरलं होतं, ते हे नऊ सेकंद. आणि तीन वाजता ती तेवढ्यासाठी मंद्रूपहून येणार होती.

तो आवाज कुणीतरी घालवला होता, आणि तो कुणीतरी आमच्यापैकीच होता.

२

मी तिघांना एकेक करून बाहेरच्या जिन्यात बोलावलं. शाळेची सवय.

देवदत्तचा चेहरा पडला होता. "मॅडम, मी फक्त चित्र बघतो. काम करताना आवाज बंदच असतो. डिस्कवरून उतरवून घेतानाच चित्र माझ्याकडे आणि आवाज शिवयोगीकडे गेला. माझ्या मशीनवर मूळ आवाज कधी नव्हताच."

"पण तूच ना तो बजाबाईंना ऐकवून आलास?"

"पाच तारखेला. शिवयोगीनं आवाज दिला, मी चित्राला जोडला आणि मोबाइलवर घेऊन गेलो; नंतर जागेसाठी तो तुकडा पुसून टाकला. आजींनी तीनदा ऐकला. पदरात तोंड घालून रडल्या हो. इतक्या गहिवरल्या की 'ह्यो आवाज कुनाचा?' म्हणून दोनदा विचारलं. मी म्हटलं, आजी, तुमच्या मालकांचाच की! मग बसल्या आपल्या हात चोळत."

"आणि हे तू इथं येऊन सांगितलंस?"

"त्याच संध्याकाळी. अपेक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. शिवयोगी तर चहा तसाच टाकून उठून गेला."

अपेक्षा आली ती भांडायच्या तयारीनं. तिचंही बरोबर होतं. काल संध्याकाळी सगळे तुकडे तिनंच जोडले होते आणि सिनेमा लांबलाय, कापू या, असं ती महिनाभर म्हणत होती.

"कापायचंच असतं तर मी सासूला कापलं असतं, मॅडम," ती म्हणाली. "चाळीस मिनिटं ओरडते बाई! नऊ सेकंदांचा गरीब माणूस कशाला कापू? मला आवाजाची फाइल आली, मी जोडली. माझ्याकडे पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायला वेळ नव्हता, एवढी चूक कबूल."

"मूळ डिस्क कुठाय?"

"नातेपुत्याला. रामहरीमामाची होती, दिवाळीला परत देऊन आले."

नातेपुतं काही हाकेच्या अंतरावर नाही. तीनच्या आत जाऊन येणं जमणार नव्हतं. आवाजाची प्रत मग एकाच माणसाकडे राहत होती, आणि तो सकाळपासून दाराजवळच्या खुर्चीत लॅपटॉपची पिशवी पोटाशी धरून बसला होता.

मी त्याला हाक मारणार इतक्यात देवदत्त आतून ओरडला, "मॅडम, सापडलं!"

३

स्क्रिप्टमध्ये संगणकासाठी ओळी असतात तशा माणसांसाठीही असतात. ओळीच्या आधी # अशी खूण टाकली की ती ओळ संगणक वाचत नाही. कुणी कुठं काय केलं ते आमची मंडळी तिथं लिहून ठेवतात. देवदत्तनं कालची स्क्रिप्ट उघडली होती.

# ३८:०५ उजवीकडचा ओरखडा काढला. देवदत्त.
# ४०:५१ आभाळातला डाग काढला. देवदत्त.
# ४१:३० टकटक काढली. शिवयोगी.
# ४२:१० दवंडीवाल्याचा आवाज काढला. शिवयोगी.

आता याला आणखी काय पुरावा हवा होता? मी शिवयोगीला सगळ्यांसमोर उभं केलं. त्याची पस्तिशी उलटली आहे, पण उभा राहिला तो वर्गात राहायचा तसाच, एका पायावर भार टाकून.

"आवाज तू काढलास?"

त्यानं पडद्याकडे पाहिलं. "व्हय बाई. मीच काढलो की."

"'काढलो' नव्हे, 'काढला'," माझ्या तोंडून गेलं. अशा वेळीसुद्धा! "का पण? त्या म्हातारीनं तुझं काय घोडं मारलं होतं?"

त्यानं पिशवी आणखी घट्ट धरली.

"लॅपटॉपवर असेल ना तो? दे इकडं. अपेक्षा परत जोडेल."

"ते द्यायचं न्हाय, बाई."

"म्हणजे आहे, आणि देणार नाहीस!"

"तुमी आजीस्नी सांगा, तितं डिस्कच खराब हाय म्हणून."

"खोटं बोलायचं, आणि तेही मी?"

"खोटं न्हाय ते," तो इतक्या हळू म्हणाला की मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

माझा पारा चढला की मला समोरचा दिसत नाही, हा माझा जुना दोष आहे. मी म्हटलं, आंधळ्या बाईचा नवरा दुसऱ्यांदा मारलास तू. असं म्हटलं मी, शब्द जसेच्या तसे आठवतात. आणि फोन काढून सगळ्यांच्या देखत त्याला मंडळाच्या ग्रुपमधून काढून टाकलं. त्याच्या खिशातला फोन टिंग वाजला. त्यानं तो बघितला नाही. पिशवी खांद्याला लावली, मला वाकून नमस्कार केला आणि जिना उतरून गेला.

चोर सापडला होता. चोरी मात्र अजून त्याच्याच पिशवीत होती, आणि घड्याळात सव्वाबारा झाले होते.

४

"मामांना डिस्क लावायला सांगू," अपेक्षाला एकदम सुचलं. "टीव्हीजवळ फोन धरतील, आपण इथं उतरवून घेऊ. कसाही आला तरी आवाज तर असेल!"

रामहरीमामा जेवायला बसले होते. अर्धं ताट सारून त्यांनी डिस्क शोधली, पुसली, लावली. आम्ही तिघं फोनभोवती डोकी घालून बसलो. लांबून सासूचा आवाज येऊ लागला तेव्हा अपेक्षानं माझा हात दाबला.

"आलं बगा," मामा म्हणाले. "दवंडीवाला आला."

फोनमधून खरखर ऐकू आली. तीच बारीक खरखर.

"मामा, आवाज वाढवा ना!"

"लई वाढिवलाय की पोरी. त्यो मानूस नुसता तोंड हलिवतोय."

"डिस्कला ओरखडा आहे का बघा."

"ओरखडा कुटला? आमच्याकडं डिस्क आली तवापास्नं ते आसंच हाय. आमी हसायचो, म्हणायचो, ह्येची दवंडी ऐकणार कोण?"

अपेक्षानं फोन बंद केला. डिस्कवर कुंडलिकचा आवाज नव्हता. कधीच नव्हता. मग पाच तारखेला बजाबाई कुणाचा आवाज ऐकून रडली होती?

५

मी खुर्चीत बसले. माझ्या डोक्यात ती खरखर घुमत होती.

"देवदत्त, आपल्या फाइलमध्ये कुणी ते नऊ सेकंद पुसले असते तर तिथं काय ऐकू आलं असतं?"

"काहीच नाही. सामसूम."

"मग खरखर कशी राहिली? आवाज गेला आणि त्याच्याखालची खरखर तशीच, मामांच्या टीव्हीवर आहे तशी. म्हणजे आवाज त्या खरखरीच्या वर ठेवलेला होता, आणि कुणीतरी तो अलगद उचलून घेतला. तू रोजची स्क्रिप्ट वेगळी ठेवतोस ना, त्या त्या दिवसाच्या कामापुरती? बजाबाईंकडे जायच्या आधीची काढ."

त्यानं तीन तारखेची फाइल उघडली. बेचाळिसाव्या मिनिटाशी बोट थांबलं.

# ४२:१० दवंडीवाल्याचा आवाज काढला. शिवयोगी.

"हीच ओळ," देवदत्त म्हणाला. "मी तेव्हा वाचली होती. वाटलं, काहीतरी खरखर काढली असेल."

"अक्षर न् अक्षर तीच. एक तीन तारखेची, एक कालची. मग मला सांगा, तीन तारखेला काढलेला आवाज काल पुन्हा कसा काढला?"

विचारता विचारता मला माझाच वर्ग ऐकू आला. मांजराचा आवाज कोण काढतंय रे? त्या वर्गात शंभरदा तरी विचारलं असेल मी हे, आणि बहुतेक वेळा उभा राहिला तो शिवयोगी.

डाग काढला की जातो. फोटो काढला की येतो. आपण चित्र काढतो, काटा काढतो, आणि कोणतं येणारं आणि कोणतं जाणारं हे कुणाला सांगावं लागत नाही. पण आमच्या मंडळात सहा महिने नुसतं घालवण्याचंच काम चाललेलं. ओरखडा काढला, टकटक काढली. त्या रांगेत बसलेला 'काढला' आम्ही तिघांनीही तसाच वाचला. तीन तारखेला शिवयोगीनं हलणाऱ्या ओठांवरून शब्द ओळखले आणि स्वतःच्या गळ्यातून कुंडलिकचा आवाज काढला. नियम मोडला, पण लपवला नाही. केलं ते लिहून ठेवलं, नावानिशी. कुणी काही म्हटलं नाही, म्हणजे चालतंय असं त्याला वाटलं असणार.

"आणि मी तो घेऊन मंद्रूपला गेलो," देवदत्त पुटपुटला. "म्हटलं, तुमच्या मालकांचाच की."

"तू येऊन सांगितलंस तेव्हा त्याला कळलं की आपण कुणी समजलोच नाही. एक बाई त्याच्या नकलेला नवरा समजून रडली. मग त्यानं काल तो आवाज काढून टाकला, आणि तेही लिहून ठेवलं."

"मग सकाळी बोलला का नाही?" अपेक्षा चिडून म्हणाली. तिला रडू येत होतं.

"बोलला की. मीच काढलो म्हणाला. डिस्क खराब आहे म्हणाला. खोटं नाही म्हणाला." मी कालची ओळ पुन्हा वाचली. "याहून जास्त बोलला असता तर ते आजींच्या कानावर गेलं असतं. त्यापेक्षा त्यानं माझी बोलणी खाल्ली."

त्याचं मराठी कच्चं म्हणून मी त्याच्या वह्या लाल केल्या होत्या. दोन ओळींत त्यानं एक शब्द दोनदा वापरला होता आणि दोन्हीकडे अचूक वापरला होता. चुकले होते मी.

फोन लावला. बंद होता. देवदत्त गाडी काढून त्याच्या खोलीवर जाऊन आला. कुलूप. शेजारी म्हणाले, पिशवी घेऊन अक्कलकोट नाक्याकडे गेला.

पावणेतीनला जिन्यात काठीचा आवाज आला.

६

बजाबाई नातीच्या, संस्कृतीच्या, हाताला धरून वर आली. हिरवं लुगडं, काखेत कापडी पिशवी. पहिल्या रांगेत बसवलं. सांगायचं काय, हे आमचं ठरलं नव्हतं. सत्तर-ऐंशी माणसं जमली होती. शेवटी मी भित्र्यासारखी गप्प बसले आणि सिनेमा सुरू केला.

बेचाळिसावं मिनिट आलं. कुंडलिकनं तोंड उघडलं. खरखर. मी पडद्याकडे पाहत नव्हते, बजाबाईकडे पाहत होते. तिनं मान तिरकी केली, ऐकलं, आणि नऊ सेकंद संपल्यावर सरळ केली. चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही.

मध्यंतरात मी तिच्यापुढं गुडघ्यावर बसले. "आजी, माफ करा. आवाज आला नाही."

"येनार कसा?" ती म्हणाली. "त्या दिशी ह्यांचा घसा बसला हुता. रातभर रानात पानी धरलेलं. नुसतं व्हट हलवा म्हनले शिनेमावाले, आवाज मागनं घालू. म्या हुते की तितं. मागनं कुनी घातलाच न्हाय."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"तर! ह्यांचा आवाज मला वळखू यीना व्हय? त्यो दुसराच हुता. म्या इच्यारलं बी ह्या पोराला, कुनाचा म्हणून. त्यो म्हनला तुमच्या मालकांचा. म्हनलं आसू दे, का हिरमोड करायचा."

मागं उभा असलेला देवदत्त भिंतीकडे वळला.

"मग रडलात कशानं, आजी?"

तिनं पिशवी मांडीवर घेतली. "शबुद त्यांचंच हुतं. 'आन् पोरंबाळं संगं आना हो,' ह्ये शेवटचं. ते पढवल्यालं नव्हतं, त्यांनी आपल्याच मनानं जोडलं हुतं. आवाजाबिगर कुनाला कळनार? त्या मानसानं किती बारकाईनं बगितलं आसल त्या व्हटांकडं! मला दिसत न्हाय, बाई. त्यानं बगितलं म्हणून मला दिसलं." ती पिशवीवरून हात फिरवत राहिली. "म्या आवाज ऐकायला न्हाय आले. हुरडा आनलाय, निगताना भाजलाय. ज्यानं आवाज काढला, त्यो मानूस कुटं हाय?"

शाळेची पायरी न चढलेली बाई. तिनं तो शब्द किती सहज वापरला.

"आजी," मी म्हणाले, "त्याला आम्ही काढलं."

"काढलं? कशापायी?"

संस्कृतीनं पिशवी माझ्या हातात दिली. अजून कोमट होती.

संध्याकाळी शिवयोगीचा निरोप आला. माझे अठरा फोन त्याला दिसले असावेत. लिहिलं होतं: 'बाई आजीस्नी खरं सांगू नका. मीच पुसलो म्हणून सांगा.'

या खेपेला त्यानं 'पुसलो' लिहिलं होतं, म्हणजे माझा गोंधळ व्हायला नको. मी दुरुस्ती केली नाही. बजाबाई काय म्हणाली ते सगळं लिहून पाठवलं, खाली माफी मागितली. तोवर त्याचा फोन पुन्हा बंद झाला होता. माझ्या निरोपापुढं एकच खूण दिसली, पोचल्याची दुसरी नाही.

अक्कलकोटला दोनदा जाऊन आले. त्याची आई गुरम्मा दारात आली, मला आत बोलावलं, पाणी दिलं. ऑर्केस्ट्राबरोबर कर्नाटकात गेलाय, एवढं तिच्या कन्नडातून मला कळलं. बाकीचं ती बरंच बोलली, ते नाही कळलं.

हुरडा दुसऱ्या दिवशी खाण्याजोगा राहत नाही. तरी त्या पिशवीतला डबा मी अजून फेकलेला नाही. निरोपापुढं आजही एकच खूण आहे.